एक दगड जास्त

भरतने काचेवर पाणी शिंपडलं आणि जुन्या वर्तमानपत्राचा बोळा करून तो काच घासू लागला.

भिंतीसाठी पांढरा रंग सांगितला होता. डबा उघडला तर आत पिस्ता.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणींनी रात्रीतून तोंडं फिरवली होती. दूधवाला हे अशा सुरात सांगून गेला, जणू त्याच्या म्हशींनीच कूस बदलली होती.

घाटघरहून मांडणीसाठी आलेल्या, नाचणी मोजायच्या मापट्यात उंदरीने पिल्लं घातली होती.

आईच्या दहाव्याला कावळा शिवला नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. जुन्नरच्या वाचनालयामागच्या दोन खोल्यांतलं हे संग्रहालय पावसाळ्यात नावालाच उघडं असे. दिवाळी सरली की शाळांच्या सहली सुरू व्हायच्या. पोरं सकाळी शिवनेरी चढायची, दुपारी डबे संपवायची आणि ऊन उतरेपर्यंत त्यांना कुठेतरी कोंबायचं म्हणून मास्तर इथे आणायचे. त्याआधी दर वर्षी कपाटं रिकामी करायची, झाडायची, नव्याने मांडायची आणि काचा स्क्रूने आवळायच्या. एकदा काच बसली की पुढच्या दिवाळीपर्यंत उघडायची नाही, हा डुंबरे सरांचा नियम. सर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. संग्रहालय त्यांनीच उभं केलेलं. भरत त्यांच्या हाताखाली झाडूवाला, वाटाड्या आणि किल्लीवाला. कामाला लागला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आता कानशिलं पांढरी झाली होती.

त्याची आई, साळुबाई, जाऊन महिना उलटला होता. भरत रडला नव्हता. काही दाबून बसला होता असंही नाही. जेवत होता, झोपत होता, कांद्याला पाणी देत होता. जीभ भाजल्यावर घास नुसता गरम की गार तेवढंच कळतं, तसं त्याचं चाललं होतं.

"भरत," सर आतल्या खोलीतून म्हणाले, "लोहाराने दगडांचं एक स्टँड कमी दिलंय का?"

"नाय सर. तुमी सांगितली तेवढी दिलीत."

"मग बोरीचा एक दगड जास्त होतोय."

बोळा काचेवरच थांबला. पाण्याचा एक ओघळ खालपर्यंत गेला.

बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी आदिमानवाची दगडी हत्यारं मिळतात. बोरी हे भरतचं गाव. तिथून आलेला दगड आधी खिडकीतल्या पाण्याच्या पसरट तसराळ्यात जायचा. मग भरत तो दाताच्या ब्रशने घासायचा, उन्हात वाळवायचा, आणि सर हातात घेऊन ठरवायचे: हत्यार की नुसता दगड. नुसते दगड अंगणात जाईच्या बुडाशी पडत. हे इतकी वर्षं चाललं होतं की नदीवरचा दगड हातात असला आणि समोर तसराळं असलं, तर मधे डोकं लागत नसे.

जीवखडाही नदीवरचाच होता. सरणाभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडाने भोक पाडतात, तो. दहा दिवस त्यालाच पाणी द्यायचं, गेलेलं माणूस त्यात आहे असं समजायचं, आणि दहाव्याला नदीत सोडायचा. घाटावरच्या झाडाला बांधलेलं माकडं सोडून नेतात म्हणून भरतने तो कनवटीला ठेवला होता. सुतकातच एका दुपारी रंगाऱ्याला किल्ली हवी म्हणून तो जुन्नरला आला. किल्ली उंबऱ्यावर ठेवली, कुणाला शिवला नाही. आत एक चक्कर मारली. खिडकीपाशी थोडा वेळ उभा राहिला.

दहाव्याला सकाळी कनवट मोकळी होती. कांद्यात पडला असेल म्हणून त्याने वाफे पालथे घातले. शेवटी दुसराच दगड पुढे ठेवून विधी उरकला. पिंडाभोवती कावळे बसले, उडाले, पुन्हा बसले. उन्हं चढली. कुणीतरी म्हणालं, कांद्याची काळजी असंल. कुणी म्हणालं, धाकट्या नातीचं लगीन. भरतने सगळ्याला हात जोडून हो म्हटलं. अखेर दर्भाचा कावळा करून शिववला. ‘माझ्या बहिनीचा जीव अडकला तुझ्यापायी,’ असं म्हणून गेलेली कुशामावशी, आईची धाकटी बहीण, तेव्हापासून त्याच्याशी धड बोलत नव्हती.

सुतक फिटल्यावर कामावर येऊन त्याने पहिलं काम केलं होतं ते तसराळं उपसण्याचं. सगळे दगड घासले होते. चांगले घासले होते.

तो आतल्या खोलीत गेला.

"सर, त्यातला एक माझ्या आईचा हाय."

"साळुबाईंनी दिला होता?"

"नाय. जीवखडा हाय."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचारलं, "कुठला?"

दगड हिरव्या कापडावर ओळीने मांडलेले होते. सगळे काळपट, सगळे स्वच्छ. भरत एकेकावरून नजर फिरवत गेला आणि टोकाला पोचून थांबला.

"वळखू येत नाय."

"मी तर सगळे हत्यार म्हणूनच निवडले," सर म्हणाले. "यात नुसता दगड एकही नाही." मग हळू आवाजात, "तुझ्या हाताला सवय. सरणापाशी वाकलास, तरी त्याने हत्यारच उचललं असणार."

भरतने स्वतःचा हात पाहिला. शाई लागली होती वर्तमानपत्राची.

"सगळे घेऊन जा," सर म्हणाले. "नदीत सोड. सुटेल ती."

"आन कपाट?"

"राहील रिकामं. दगड बघायला कोण येतंय? पोरं येतात ती तलवार बघायला, आणि मास्तर येतात पंख्याखाली बसायला."

पण हे बोलताना त्यांनी कॉम्प्युटरवर छापून आणलेली नवी पाटी कापडाखाली सरकवली, ते भरतला दिसलं.

"मावशीला इचारतो," तो म्हणाला.

मावशी दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने आली. उंबऱ्यातच चपला काढल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आधी भिंतीकडे पाहिलं.

"दवाखान्यावानी रंग दिलाय."

"चुकून आला, मावशी."

"तुझं समदं चुकूनच." ती सरांकडे वळली. "मास्तर, ह्याच्या हाती तुमी किल्ल्या देता व्हय? कुनाची माय कुठं ठिवंल, नेम न्हाई."

सर हसावं की नाही या विचारात खुर्ची पुढे करत राहिले. ती बसली नाही. कपाटं बघत चालली. एका काचेच्या बरणीपाशी थांबली.

"ह्यात काय हाय?"

"राख," सर म्हणाले. "बोरीचीच. नदीकाठी थर आहे तिचा."

"कुनाची?"

"ज्वालामुखीची. फार लांबून उडत आलेली. समुद्रापलीकडून."

"आन अजून हितंच? नदीत सोडाया कुनी नव्हतं का त्यास्नी?"

मावशीने बरणीला हात जोडले आणि पुढे गेली.

दगडांपाशी मात्र ती उभीच राहिली. मग एकेक उचलून तळहातावर तोलू लागली, भाजीवालीकडे वांगी बघावीत तशी. भरत तिच्या तोंडाकडे बघत होता. तिला कळेल, असं त्याला आदल्या दिवसापासून वाटत होतं. ती एक बोट दाखवेल आणि हे संपेल.

"मला काय कळतंय," ती म्हणाली. "दगडासारका दगूड." पण हातातला खाली ठेवेना. "मास्तर, हे कशाला वापरीत?"

"कातडं सोलायला. हाडं फोडायला, कंद खणायला. लाखो वर्षांपूर्वी."

"बाया बी वापरीत?"

"वापरतच असणार."

"कंद खनायला गडी गेलाय का कदी?" तिने दगड मुठीत धरला. अंगठा एका खोलगट जागी अलगद बसला. ती त्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मग तिने दुसरा घेतला, तसाच धरून पाहिला. "म्हंजे समदेच कुना ना कुना बाईचे."

तिने दगड परत कापडावर ठेवला.

"भरत्या, ताट आन. तीळ हायत का?"

तीळ वाचनालयातल्या शिपायाच्या घरून आले. ताट घाटघरच्या मांडणीतलं, पितळी. सरांनी एकेक दगड दोन्ही हातांनी उचलून ताटात ठेवला. मावशीने भरतला दक्षिणेकडे तोंड करून बसवलं आणि त्याच्या ओंजळीत तांब्या कलता केला.

"नाव घे."

"साळुबाई," भरत म्हणाला. पाणी अंगठ्यावरून घसरून दगडांवर पडलं. आईचं नाव त्याने याआधी कागदावर आणि भटजींमागे पुटपुटण्यापलीकडे कुठे घेतलं नव्हतं.

"बाकीच्यांची नावं आपल्याला ठावं न्हाईत," मावशी ताटाकडे बघत म्हणाली. "जिची तिनं घ्या, बायांनो."

तिने तांब्या पुन्हा कलता केला. पाणी संपेपर्यंत ती तो पुन:पुन्हा कलता करत राहिली.

"आता नदीवर न्यायचं ना?" भरतने विचारलं.

"कुठला नेशील?"

"समदे नेऊ. सर म्हनले हायत."

मावशीने सरांकडे पाहिलं. सर ताटातल्या दगडांकडे बघत होते आणि त्यांनी मान हलवली, हो म्हणून, पण उशिरा.

"पानी पिऊन गप बसल्यात त्या," ती म्हणाली. "कशाला उटवतो? हितं छप्पर हाय. पोरं येत्यात म्हनं."

"पन तू तर म्हनली व्हतीस, कावळा..."

"म्हनले व्हते. बहिनीसाटी मानूस काय बी म्हनतंय." तिने पदराने डोळे नाही, हात पुसले. "चार वाजताची गाडी हाय मला. चुकवू नगं."

तिला एसटीत बसवून तो परतला, तोवर सर जादा दगडासाठी जाड तार वाकवत बसले होते. ओबडधोबड झालं, पण उभं राहिलं. भरतने मऊ कापडाने दगड पुसायला घेतले. एकेक कोरडा करायचा आणि सरांच्या हातात द्यायचा. मधला एक पुसून झाला तरी त्याने दिला नाही. उलटा करून पुसला. पुन्हा सुलटा केला. सर हात पुढे करून थांबले, आणि घाई नाही असं दाखवण्यासाठी खिडकीबाहेर पाहू लागले.

मग काच बसली. भरत चारही कोपरे आवळत आला. शेवटचा स्क्रू बसला तरी त्याचा हात पिळतच राहिला.

"पुरे," सर म्हणाले. "तडकेल."

महिन्यापूर्वी साळुबाई गेल्याचा फोन वाचनालयात आला होता आणि ग्रंथपाल स्वतः दारात येऊन भरतला तसं सांगून गेले होते. तेव्हा आत ओतूरचं एक जोडपं संग्रहालय बघत होतं. भरतने त्यांना उरलेली कपाटं नीट, काही न गाळता दाखवली, आणि मग कुलूप लावलं.