नौगजे बाबांच्या शेजारची जागा

आमच्या गावात मनासारखी कबर हवी असेल तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मरायला हवं. त्यानंतर मेलेल्यांचं सरकारदरबारी कुणी ऐकत नाही. असं काही बोललो की माझी बायको चंदा म्हणते, तुमच्या तोंडाला लगाम नाही. नसेल. इब्राहीमभाऊंचा विषय निघाला की माझं डोकं सरकतं, आणि ते जागेवर आणायची मला घाई नाही.

इब्राहीमभाऊ टेलर होते. चंद्रपूरकडून येणारी एसटी थांबते तिथे त्यांचं दुकान, आणि भिंतीला भिंत लागून माझं किराणा दुकान. गिऱ्हाईक नसलं की आम्ही एकमेकांची उणीदुणी काढत बसायचो. माझ्या पोटाचा घेर दर दिवाळीला किती वाढला, हे ते अख्ख्या स्टॉपला ऐकू जाईल असं सांगायचे. त्यांच्या जरीनाभाभी सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात गेल्या. ताप चढला, नाल्याला पूर होता, तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला रस्ताच नव्हता. कसला ताप होता तेही कधी कळलं नाही.

कब्रस्तान गावाबाहेर, नाल्याच्या काठी, लाल चिकण मातीत. भाभींची कबर खोदताना कमरेइतक्या खोलीवर पहार अडली. माती सारली तर हाड. कबर खोदताना जुनं हाड लागलं तर ती जागा दुसऱ्या कुणाची समजायची, सलाम करून माती परत लोटायची आणि बाजूला सरकायचं, असा त्यांचा रिवाज. पण हे हाड साधं नव्हतं. जेवढं उघडं पडलं तेवढंच माझ्या हातापेक्षा लांब होतं. पूर्वीची माणसं नऊ नऊ गज उंच असत असं म्हातारे सांगायचे, म्हणून जमलेल्यांनी ठरवून टाकलं की हा त्यातलाच कुणी पीर असणार. नौगजे बाबा. भाभींना बाबांपासून दोन हात सोडून ठेवलं.

तेव्हापासून इब्राहीमभाऊ दर शुक्रवारी दोघांसाठी फातिहा पढायचे. बाबांच्या पायजम्याला कापडाचं अख्खं थान लागलं असतं, असंही वर मला सांगायचे. भाभींच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी चार दगड मांडून जागा राखली होती. ती त्यांची स्वतःची.

"एका बाजूनं बाबा, एका बाजूनं मी," ते म्हणाले. "मंधात असली का तिले भेव नाई लागत, पत्रू. जितेपणी अंधारात आंगणात बी एकटी जात नव्हती."

दोन हजार सालच्या थंडीत जुन्या हाडांचा अभ्यास करणारी मंडळी आली. सोमाजीच्या वावरात नांगराला जे गोल दगड लागायचे, ते बघायला. त्यांच्यातली उर्वशी नावाची नागपूरची मुलगी इब्राहीमभाऊंच्या दुकानामागच्या खोलीत भाड्याने राहिली. ते दगड म्हणजे प्रचंड मोठ्या जनावरांचं वाळून दगड झालेलं शेण आहे, असं तिने सांगितलं तेव्हा गाव आठवडाभर हसलं. सोमाजीला तर पोरं तोंडावर हसायची. ती मात्र ते दगड कापसात गुंडाळून ठेवायची. त्यातून म्हणे त्या जनावराने कुठला पाला खाल्ला, इथे तेव्हा कोणती झाडं होती, हवा कशी होती, सगळं कळतं.

इब्राहीमभाऊंना मुलगी नव्हती, एकटा दानिश. या पोरीवर त्यांनी जीव लावला. तिच्या सदऱ्याला ते फुकट खिसे लावून देत, कारण तिला दगड ठेवायला खिसे पुरत नसत. आणि एक दिवस कौतुकाने, स्वतःच्या पायांनी, ते तिला नौगजे बाबा दाखवायला घेऊन गेले. मीही सोबत होतो. नाल्याने काठ कापून बाबांच्या हाडाचं टोक उघडं पाडलं होतं. उर्वशी गुडघ्यांवर बसली, खाली पडलेली एक कपची उचलली आणि तिला जीभ लावली. इब्राहीमभाऊ तौबा तौबा करत मागे सरले. साधा दगड जिभेला चिकटत नाही, हाडाचा दगड चिकटतो, असं तिने सांगितलं. ती रडायच्या बेतात होती, आनंदाने.

तिथेच बसून तिने आम्हाला समजावलं. हा पीर नाही, लांब मानेचं, झाडपाला खाणारं जनावर आहे. माणूस पैदा व्हायच्या कितीतरी आधीचं. ते नदीकाठी मेलं आणि लांडगे-गिधाडांसारखं तेव्हाचं जे काही होतं त्यांनी फरफटत न्यायच्या आत पुराचा गाळ अंगावर बसला. मांस सडून गेलं. मग जमिनीतलं पाणी झिरपत राहिलं, त्या पाण्यात विरघळलेले क्षार हाडाच्या बारीक बारीक छिद्रांत साचत गेले, आणि हळूहळू हाडाचा आकार तसाच ठेवून आत सगळा दगड झाला. लाखांतल्या एखाद्याच्याच नशिबी हे येतं. बाकीच्यांची माती होते.

इब्राहीमभाऊंनी भाभींच्या कबरीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आमच्या जरीनाचं बी असं होईन का, बाई?"

"नाही, काका," उर्वशी म्हणाली. "खोटं कशाला सांगू?"

तिच्या या खरेपणावर मला आजही राग धरता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

तिने पाठवलेल्या कागदांवरून सरकारी खात्याची चक्रं फिरली. वर्षाच्या आत कब्रस्तानाला तारेचं कुंपण पडलं. आत कुदळ मारायला मनाई, जुन्या कबरींना हात लावणार नाही, नवी कबर मात्र नाही. बदल्यात गावाच्या पलीकडच्या टेकडावर जागा दिली, जिथे गुराढोरांनाही उभं राहावंसं वाटत नाही. बाकीच्यांनी कुरकुर करून मान्य केलं. इब्राहीमभाऊंनी नाही केलं. खात्याचे साहेब आले की ते गळ्यातली टेप काढून, टोपी नीट करून समोर उभे राहायचे.

"साहेब, बाबा जनावर हाये म्हनता, मानलं," मी ऐकलेलं त्यांचं हे बोलणं. "पण माही बायको तं माणूस हाये ना? मी तिच्या बाजूची जागा मांगून राह्यलो. बाबाच्या बाजूची नाई."

साहेब शांतपणे म्हणाले की सांगाडा जमिनीखाली कुठवर पसरलाय कुणालाच माहीत नाही. त्या चार दगडांखालीही असू शकतो.

"मंग खोदून पाहा. निघालं काई, तं मी हटतो."

यंदा निधी नाही, असं उत्तर आलं. पुढच्या वर्षीही तेच. तिथे खोदून बघा, असं उर्वशीने दोनदा लिहून कळवलं, तिलाही कुणी विचारलं नाही. शेवटी ती शिकायला परदेशी गेली. इब्राहीमभाऊंनी तिला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटायचं. ते म्हणायचे, पोरगी आपलं काम करून राह्यली, आपण काऊन तिले बोल लावाचा? शुक्रवारी ते तारेबाहेर उभे राहून फातिहा पढायचे. आता फक्त भाभींसाठी की अजूनही दोघांसाठी, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, ते गेले. टेकडावर पहार मारली की ठिणग्या उडत होत्या. दानिश, त्याचा चुलतभाऊ कैफ आणि इतर पोरांनी आळीपाळीने पहार मारली. मीही मारली. कबर पाहिजे तेवढी खोल झालीच नाही. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. भाभी पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, नाल्याकाठच्या मऊ मातीत. मला त्या दिवशी रडू आलं ते दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त होतं.

आणि त्याच साली डिसेंबरात निधी आला.

बाबांचं मांडीचं हाड प्लास्टरमध्ये बांधून ट्रकने नेलं. मग सांगाडा कुठवर आहे ते बघायला भाभींच्या डाव्या बाजूला, त्या राखलेल्या जागेत, खड्डा घेतला. कमरेइतका खोदला, छातीइतका खोदला. दानिश आणि मी तारेला धरून बघत होतो. एक हाड नाही, दात नाही, शेणाचा गोळाही नाही. नुसती लाल माती, लोण्यासारखी कापली जाणारी.

दानिशने साहेबांना हाक मारली. खाली काहीच नाही तर अब्बांना टेकडावरून इथे आणू द्या, असं तो हात जोडून म्हणाला. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की मनाईचा हुकूम पूर्ण कुंपणाला आहे, एका खड्ड्यासाठी तो बदलत नाही. मग त्यांनी वहीत 'काही आढळले नाही' असं लिहून मजुरांना खूण केली.

मजुरांनी खड्डा बुजवायला घेतला. निघालेली माती सगळी परत लागली. इब्राहीमभाऊ आत असते तर थोडी उरली असती.