भोंगा झाला आणि ज्योतीराम उठला

मित्रांनो, ज्योतीरामला काय काय मिळणार होतं ते आधी ऐका. मॉलमधल्या थिएटरात चारशे माणसांसमोर शाल आणि नारळ. जमलं तर पेपरच्या पुरवणीत फोटो. आणि त्या फोटोच्या जोरावर चिखलीतल्या त्याच्या सोसायटीचं अध्यक्षपद. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून हे पद त्याच्या डोक्यात ठाण मांडून होतं. बदल्यात त्यानं फक्त माझ्यावर बसायचं होतं आणि एक जुनी थाप पुन्हा एकदा मारायची होती. सौदा वाईट नव्हता.

मी एक जुनी खुर्ची आहे. घरातली नव्हे, थिएटरातली. लोखंडी सांगाडा, सागवानी हात, तपकिरी रेक्झिन. माणूस उठला की माझी बैठक आपोआप फाट् करून मिटते. ज्या सुतारानं माझे हात घासले, त्यानं शेवटी त्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "चांगली झाली." तेवढंच काय ते माझं कौतुक. त्यानंतर पिंपरीच्या एका थिएटरात जमिनीला बोल्ट मारून मला बसवलं आणि माणसांचा सहवास सुरू झाला. माणसांबद्दल माझं मत विचाराल, तर ज्यांनी माझं रेक्झिन ब्लेडनं फाडलं, ते पुढे आपापल्या मुलांना शिस्त शिकवताना मी ऐकले आहेत. जास्त बोलत नाही.

तर तीस वर्षांपूर्वी एक चित्रपट आला. परग्रहावरून एक यान येतं आणि समुद्र पिऊ लागतं, अशी गोष्ट. हिंदीत डब केलेला. नायकाचे ओठ थांबले तरी त्याचं बोलणं चालू असायचं. अभिनय लाकडी, लाकडातलं मला कळतं. पण यान मात्र पाहण्यासारखं होतं. भोसरीपासून देहूरोडपर्यंत सावली पडेल एवढं मोठं, असं ते न पाहिलेले लोकही सांगत.

पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला ज्योतीराम आला तो थेट तिसऱ्या पाळीवरून. हातात डब्याची पिशवी, डोळे तांबारलेले. बरोबर नवी नवरी कुसुम. धाराशिवकडच्या खेड्यातून नुकती आली होती आणि थिएटरात पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. तो बसला माझ्या शेजारणीवर आणि दिवे गेल्यागेल्या घोरायला लागला. कुसुम बसली माझ्यावर. तिनं माझे दोन्ही हात असे घट्ट धरले होते की तो सुतार आठवला.

मध्यंतरानंतर यान पहिल्यांदा ओरडतं. लांब, खोल, छातीतून निघालेला आवाज. तो कुणी कुठून पैदा केला देव जाणे, पण आमच्या भागातल्या कंपन्यांच्या भोंग्याशी त्याचं हुबेहूब साम्य होतं. आणि थिएटरात निम्मे लोक रात्रपाळी करून आलेले, झोपलेले.

फाट्, फाट्, फाट्. रांगाच्या रांगा मिटल्या. झोपेतच माणसं उठली, डबे चाचपले, खिशात कार्ड शोधलं आणि दाराशी जाऊन नीट एकामागे एक उभी राहिली. हजेरीच्या यंत्रासमोर राहतात तशी. धक्काबुक्कीसुद्धा नाही. सगळ्यांच्या पुढे ज्योतीराम, आणि त्याच्या मुठीत कुसुमचं मनगट.

"आवं, संपलं न्हाई अजून," ती म्हणाली.

"भोंगा झाला. चल."

बाहेर टळटळीत उन्हात गेल्यावर त्यांची झोप उतरली. परत आत येऊ बघणाऱ्यांना दरवान म्हणाला, "सगळे एकदम गेलात, आता कोण कुठला मी काय ओळखू? उद्या या." खुळ्यासारखे एकमेकांकडे बघत सगळे घरोघर गेले. संध्याकाळपर्यंत बातमी तयार होती: यान असं अंगावर आलं की माणसं भिऊन पळाली. वेड्यात निघण्यापेक्षा भित्रं ठरणं बरं, असं न ठरवताच सगळ्यांचं ठरलं. ज्योतीरामला तेही कमी पडलं. त्यानं वर एक मजला चढवला.

"अख्खं थिएटर पळालं, राव. मी एकटा बसून."

असे एकटे बसून राहिलेले वीर पुढे प्रत्येक चाळीत निघाले. सगळे खरे मानले, तर त्या दिवशी थिएटर भरलेलंच होतं.

शेवट काय झाला, ते कुसुमनं त्याला विचारलं. "बाँब टाकला. यान खलास," तो म्हणाला. दर वर्षी बाँब मोठा होत गेला. चारचौघांत तिनं त्याला कधी खोटं पाडलं नाही. एकच प्रश्न मात्र ती अधूनमधून विचारायची.

"पर ते वरडत का व्हतं?"

"यान आहे. ओरडणारच."

एवढ्यावर तिची बोळवण व्हायची.

हे मला कसं कळलं, म्हणाल. थिएटर बंद पडलं, खुर्च्या भंगारात निघाल्या आणि ज्योतीराम त्या ऐतिहासिक दिवसाचा पुरावा म्हणून स्वतःची खुर्ची आणायला गेला. घेऊन आला मला, म्हणजे बायकोची. स्वतःच्या खुर्चीवर तो जागा होताच कधी, की ती ओळखेल? वर्कशॉपमध्ये मी उभी राहावी म्हणून माझ्या पायांना लोखंडी पट्ट्या जोडल्या आणि मला हॉलमध्ये, टीव्हीशेजारी मांडलं. आल्यागेल्याला तो माझ्यावर बसून गोष्ट सांगायचा. कुसुमताई चहा आणायची आणि शेवट ऐकायला दाराशी थांबायची. जणू आज तरी वेगळा असेल.

जपलं मला तिनंच. जुन्या साडीची गादी शिवली. माझ्या बैठकीचा एक बोल्ट सारखा ढिला होतो, त्याला दोरा गुंडाळून तिनं आवळला. ती कला घरात दुसऱ्या कुणाला जमली नाही, कारण दुसऱ्या कुणी प्रयत्नच केला नाही.

मग तो चित्रपट नव्यानं, मोठ्या पडद्यावर येणार असं झालं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या सुनेनं, योगिनीनं, मॉलच्या थिएटरला माझा फोटो पाठवला. उत्तर आलं: पहिल्या दिवशीची खुर्ची पहिल्या रांगेपुढे मांडू, तिच्यावर पहिल्या दिवशीचा प्रेक्षक बसवू, सत्कार करू. दोन पास.

"एक बाबांचा, एक आईंचा," योगिनी म्हणाली.

कुसुमताईनं कपाटातली जांभळी साडी काढून उन्हात टाकली. साडी दोरीवरच होती, तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी यशवंतराव चहाला आले आणि दुसरा पास त्यांच्या खिशात गेला.

"मला कशाला, ज्योतीरामभाऊ? वहिनींना न्या की," यशवंतराव पास खिशात नीट सारत म्हणाले.

"तिला काय कळतंय त्यातलं? तुम्ही पाहिजेत साक्षीला."

दोरीवरची साडी काढून कुसुमताईनं घडी घातली. मी खुर्ची आहे, मला उठता येत नाही. त्या दिवशी त्याचं वाईट वाटलं.

शनिवारी मला न्यायला टेम्पो आला. ज्योतीराम आणि यशवंतराव केव्हाच पुढे गेले होते. हमालानं मला उचललं आणि बैठक लोंबली.

"मावशी, हिचा बोल्ट निसटतोय."

"दोरा गुंडाळावा लागतो त्याला."

"आम्हाला नाही जमायचं ते. तिकडं सोडली आणि साहेब पडले, तर आमच्या नावानं शिमगा."

कुसुमताईनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "थांबा. साडी बदलून येते."

थिएटरच्या दारात पहारेकऱ्यानं पास मागितला. "खुर्चीबरोबरची हाय," ती म्हणाली, आणि त्या झगमगाटात कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं बोल्ट आवळला आणि भिंतीशी उभी राहिली. दुपारचं जेवण पोटात घेऊन ज्योतीराम माझ्यावर बसला. गारवा, अंधार, गुबगुबीत गादी. यान आकाशात दिसायच्या आत तो घोरत होता. मागे बसलेले साक्षीदार यशवंतराव मोबाइल पाहत होते.

मध्यंतर झालं, तरी तो उठला नाही. नंतर यान ओरडलं.

मित्रांनो, निवृत्तीला दोन वर्षं झाली होती. फाट्. तो उभा राहिला, बगलेत नसलेला डबा चाचपला, खिशात कार्ड शोधलं आणि पडद्याखालच्या लाल दिव्याच्या दारातून सरळ चालता झाला. ते दार आतून उघडतं, बाहेरून नाही. जिना खाली पार्किंगमध्ये जातो.

कुसुमताई भिंतीपासून निघाली, माझी बैठक हातानं खाली केली आणि बसली. दोन्ही हात घट्ट धरले. हात आता खरबरीत होते, पण पकड मी ओळखली.

शेवट मला पाठ होता. थिएटरात तो चित्रपट कितीतरी आठवडे चालला होता. बाँब टाकतात, पण यानाला काही होत नाही. त्याचं पिल्लू, छोटं यान, समुद्राच्या तळाशी अडकलेलं असतं. मोठं यान पाणी पीत असतं ते तळ उघडा पाडायला. ओरडत असतं ते त्याला हाक मारायला. पिल्लू सुटतं, यान सगळं पाणी परत ओततं आणि निघून जातं. कथा काही फार शहाणी नाही. पण माझ्या सागवानावर दोन थेंब पडले, आणि ते यानातलं पाणी नव्हतं.

"लेकराला वरडत व्हतं व्हय," ती हळूच म्हणाली.

दिवे लागले. निवेदिका शाल घेऊन आली आणि गोंधळली. "यशवंतराव सर, काका कुठे आहेत?"

"इथेच तर होते," साक्षीदार म्हणाले.

तिनं माइक खुर्चीपुढे धरला. "काकू, पहिल्या दिवशी तुम्ही होतात?"

"व्हते. अर्धा बघितला. राहिलेला आज."

"आणि काका?"

कुसुमताईनं लाल दिव्याच्या दाराकडे बोट केलं. "तवा अर्ध्यातून गेले, तसेच आजबी गेले. भोंगा झाला न्हवं."

सगळं थिएटर हसलं. त्या गर्दीत काही म्हातारी माणसं जरा जास्तच वेळ खाली बघत होती. मी त्यांना ओळखलं.

आता माझं उरलेलं आयुष्य. घरी आल्यावर बायकोला काही म्हणायची ज्योतीरामची छाती झाली नाही. म्हणून दुसऱ्या सकाळी मला पार्किंगमध्ये, पहारेकऱ्याच्या खोलीशेजारी टाकलं. साडीची गादी उंदरांनी कुरतडली. पावसाचे शिंतोडे येतात, पट्ट्यांना गंज चढलाय. संध्याकाळी कुसुमताई दोरा घेऊन उतरते, बोल्ट आवळते, बसते आणि सोसायटीतल्या पोरांना यानाची गोष्ट सांगते. खऱ्या शेवटाची. मधूनच एखादी आई वरून हाक मारते, तेव्हा पोरं हलत नाहीत. कुसुमताई त्यांना उठवतही नाही.

मित्रांनो, खुर्च्या जपा असं मी सांगणार होते. ब्लेड मारू नका, पाय आपटू नका. पण तुमची जात मला माहीत आहे. निदान एवढं करा: कुणाचं मनगट धरून ओढण्याआधी तिचं बघून झालंय का, ते विचारा.

राहिला हिशेब. अध्यक्षपद यशवंतरावांना मिळालं. शाल कुसुमताईकडे आहे, थंडीत पांघरते. शेवटही तिलाच मिळाला, पण त्याची किंमत तिनं तीस वर्षं आधीच भरली होती. ज्योतीरामला काहीच भरावं लागलं नाही. हसं झालं त्याचं, पण हॉलमधली जागा गेली ती माझी.