फ्रान्सिस्का सांगते, सांतान लिहितो

कट्टा गावच्या सांताननं एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं इंजिनं उघडली, पण घरातलं लोखंडी कपाट कधी उघडलं नाही. तो कारभार बायकोचा. फ्रान्सिस्का शाळेत शिक्षिका होती. बँकेची पुस्तकं, दोघांच्या गोळ्या, आरोग्य विम्याची पॉलिसी, सगळं तिच्या हाती, आणि त्यात कधी खोट निघाली नव्हती.

२००४ साली पावसाळा सरल्यावर सांतानच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. पॉलिसी घेऊन तो कुडाळला विमा कार्यालयात गेला. टेबलामागच्या बाईंनी नंबर दोनदा ताडून पाहिला.

"काका, ही जुलैमध्येच संपली. या वर्षीचा हप्ता आलेला नाही."

"असं होणार नाही. माझी मिसेस दरवर्षी आठ दिवस आधी चेक पाठवते."

"या वर्षी नाही आला. नव्यानं अर्ज करा. पण तुमचं वय सदुसष्ट, मंजूर होईलच असं नाही."

तो तणतणतच घरी आला. "चेक धाडलंस मां गो?"

"जुलैतच धाडलंय," फ्रान्सिस्का म्हणाली.

सांताननं कपाट उघडलं. वरच्याच खणात पाकीट होतं. तिकीट लावलेलं, तिच्या वळणदार अक्षरात पत्ता लिहिलेला. त्याखाली तसंच दुसरं. मग तिसरं. तिन्हींत एकाच रकमेचे चेक. एकही पेटीत पडला नव्हता.

त्याचा राग कुठल्या कुठे गेला. फ्रान्सिस्का खाटेच्या कडेवर बसली होती.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "वरीसभर चल्लाहा ह्यां. आदी शाळेतल्या पोरांची नावां गेली. मगे वाटो चुकूक लागलंय. तुमका सांगूक भियालंय."

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी तिला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. "त्र्याण्णव, शहाऐंशी..." आणि ती थांबली. बत्तीस वर्षं पाढे शिकवलेली बाई टेबलावर बोटं मोजत राहिली. सांतान खिडकीबाहेर बघू लागला.

"गोळ्यांनी थोडा फरक पडेल," डॉक्टर म्हणाले. "पण हा आजार वाढत जाणारा आहे. जे ठरवायचं ते आत्ता ठरवा. त्यांना सांगता येतंय तोवर."

घरी येताच तिनं शंभर पानी वही काढली. "बसा. मी सांगतंय, तुमी लिवा."

"तूच लिव गो. तुजा अक्षर बरां."

"सोता लिवलात तरच तुमच्या ध्येनात रवात."

मग रोज सकाळी चहानंतर दोघं बसायची. कुठली गोळी उपाशीपोटी, कुठली जेवणानंतर. कुठल्या ठेवीची मुदत कधी भरते. त्याचं ऑपरेशन ओरोसच्या सरकारी दवाखान्यात करायचं, आणि तेही लवकर, ती चार दिवस शेजारच्या सत्यवतीजवळ राहू शकते तोवर. मध्येच ती त्याचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची. कधी कालचंच पुन्हा सांगायची. तो ते पुन्हा लिहून घ्यायचा.

एका सकाळी ती म्हणाली, "आता माजा लिवा. शेवटाक माका नळयो घालून ठेवू नकात. आणि आपल्या जॅनेटीक कुवेतची नोकरी सोडूक सांगू नकात."

सांताननं पेन खाली ठेवलं. "ह्यां मी लिवचंय नाय."

"लिवा." वर्गातला आवाज होता तो.

त्यानं लिहिलं. तिनं खाली सही केली आणि त्याला तारीख विचारली.

ऑपरेशन नीट पार पडलं. विम्याचा नवा अर्ज मात्र नामंजूर झाला. दोन ओळींचं पत्र आलं. सांताननं पेन्शनीतून महिन्याला थोडं बाजूला टाकायला सुरुवात केली. ते पुरणार नाही हे दोघांनाही कळत होतं.

नाताळला लेक जॅनेट कुवेतहून आली. आईनं तिला स्वतःच सगळं सांगितलं. ती रडली, आईशी भांडली, मग वही शेवटपर्यंत वाचून काढली. जाण्याआधी तिनं सत्यवतीची मुलगी वर्षाली हिला दिवसभर घरी राहायला ठरवलं.

पहिल्या दिवशी फ्रान्सिस्कानं वर्षालीला समोर बसवलं. "माजा डोक्या आता हळूहळू रिकामा होतलां. मी रागावलंय तर मनार घेव नको. पण माका उगीच खोटां सांगू नको. आज खयचो वार ता इचारलंय तर खरोच सांग."

"सांगतंय," वर्षाली म्हणाली.

"मगे आज खयचो?"

"बुधवार, बाई."

फ्रान्सिस्कानं मान हलवली. सांतान पेज गरम करायला आत गेला.