मुलाखतीची काच

विद्यालक्ष्मी उच्च न्यायालयातून निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या भाषणांत सगळे तुरुंगांबद्दलच बोलले. कैद्यांचं जेवण, बराकींतली गर्दी, पॅरोल, पहारेकऱ्यांची सुरक्षितता या विषयांत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. सर्वांत गाजला तो काचेचा निकाल. शहराबाहेरच्या एका तुरुंगात भेटीच्या वेळी कुणीतरी ब्लेड आत पोहोचवलं आणि त्या ब्लेडने एका तरुण कैद्याचा खून झाला. त्याच्या बापाच्या याचिकेवर विद्यालक्ष्मींनी आदेश दिला की यापुढे कैदी आणि भेटायला येणारे यांच्यामध्ये जाड काच असेल आणि बोलणं इंटरकॉमवर होईल. त्यानंतर तिथे तसा खून झाला नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्या शहरातल्या तिरुवल्लिकेणी भागात धाकट्या बहिणीकडे राहायला आल्या. गोदा विधवा, शाळेतून निवृत्त झालेली, कानांनी अधू. तिचा एकुलता मुलगा कार्तिकेय पेरुंगुडीत एका कंपनीत होता. ऑफिसच्या पार्टीनंतर तो दारू पिऊन गाडी चालवत निघाला आणि रस्ता ओलांडणाऱ्या एका माणसाला त्याने उडवलं. माणूस जागीच गेला. कार्तिकेयला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्याला शहराबाहेरच्या त्याच तुरुंगात ठेवलं. विद्यालक्ष्मींनी कुणालाही फोन केला नाही. गोदानेही कर म्हटलं नाही.

पहिल्या मुलाखतीला दोघी बहिणी गेल्या. काचेपलीकडे कार्तिकेय बसला होता, केस बारीक कापलेले. गोदाने रिसीव्हर कानाला लावला आणि लगेच दूर धरला.

"मज काही ऐकू येईना गे अक्का. नुसती शीळ वाजते."

कानातलं यंत्र आणि इंटरकॉम यांचं जमत नव्हतं. विद्यालक्ष्मींनी रिसीव्हर घेतला. मग तेच ठरून गेलं. मोठ्या मावशीला पेरियम्मा म्हणत तो त्यांच्याशी बोले, त्या गोदाच्या कानाशी मोठ्याने सांगत, आणि ओळीतली बाकीची माणसं ऐकत.

"पेरियम्मा, अम्मा गोळ्या घेते का विचार."

"गोळ्या घेतेस का विचारतोय!"

असं चाललं. एकदा मात्र तो म्हणाला, "त्या माणसाची बायको कोर्टात यायची ना, तिचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. अम्माला सांग..." तो थांबला. "नको. हे तू ओरडून कसं सांगणार?"

"काय म्हणाला?" गोदाने विचारलं.

"बरा आहे म्हणतो."

"रडतोय तो," गोदा म्हणाली. "डोळे आहेत मज."

ती काच कुणी घातली ते गोदाला ठाऊक होतं. निकालाची बातमी तिनेच तेव्हा शेजारणींना कौतुकाने वाचून दाखवली होती. आता ती त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. भांडली असती तर बरं, असं विद्यालक्ष्मींना वाटे.

शेवटी त्या नुंगंबाक्कमला अमरसिंहांच्या ऑफिसात गेल्या. अमरसिंह तंजावरकडचे वकील. काचेच्या खटल्यात ते जननी नावाच्या एका म्हाताऱ्या बाईतर्फे उभे राहिले होते. तिचा मुलगा जन्मठेपेवर होता. वृद्ध आईबापांना महिन्यातून एकदा तरी समोरासमोर बसू द्या, एवढंच तिचं मागणं होतं. विद्यालक्ष्मींनी ते फेटाळलं होतं.

"याचिका गोदाबाईंच्या नावाने करू," अमरसिंह म्हणाले. "पण मॅडम, सरकार तुमचाच निकाल पुढे करेल."

"करू दे."

सुनावणीला त्या शेवटच्या बाकावर बसल्या. सरकारी वकिलाने अपेक्षेप्रमाणे वाचलं, "सुरक्षेला एक अपवाद केला, की सुरक्षा उरत नाही." वाक्य ठाशीव होतं. लिहिलं त्या दिवशी त्यांना ते फार आवडलं होतं. खुर्चीवरच्या तरुण न्यायाधीशाने संकोचून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "जननीअम्मा कुठे असतात आता?"

"गेल्या, मॅडम. निकालानंतर दोनेक वर्षांत. शेवटी दिसायचं कमी झालं होतं. काचेपलीकडे नक्की कोण बसलंय तेही कळायचं नाही, असं मुलगा सांगायचा." अमरसिंह जरा घुटमळले. "मी त्या दिवशी आणखी थोडं बोललो असतो तर..."

"नाही," विद्यालक्ष्मी म्हणाल्या. "तरी मी ऐकलं नसतं."

मुलाचं काय, कुणी भेटायला जातं का, हे त्यांना विचारायचं होतं. पण लिफ्ट आली, माणसं शिरली आणि ते राहूनच गेलं.

काही महिन्यांनी आदेश आला. वृद्ध किंवा ऐकू-दिसायला अडचण असलेल्या आईबापांना महिन्यातून एकदा झडती घेऊन खुल्या खोलीत भेटता येईल. फक्त आईबापांना. मावशीचा त्यात उल्लेख नव्हता.

त्या दिवशी गोदा एकटीच आत गेली. विद्यालक्ष्मी बाहेरच्या बाकावर बसल्या. शेजारी मुलाला मांडीवर घेतलेली एक तरुण बाई होती. तिचा नवरा आत होता. तिची भेट काचेतूनच व्हायची होती.

"तुम्ही नाही जात, अम्मा?" तिने तमिळमध्ये विचारलं.

"मला परवानगी नाही."

"म्हातारपणी तरी देतात म्हणे आता," ती म्हणाली. "याच्या बापाने याला अजून हात लावला नाही."

मूल विद्यालक्ष्मींच्या चष्म्याकडे हात नेत होतं. त्यांनी चष्मा काढून त्याच्या हातात दिला.

गोदा बाहेर आली ती डोळे पुसत, पण चेहरा शांत होता. रिक्षात बसल्यावर विद्यालक्ष्मींनी विचारलं, "काय बोललात?"

"बोललो ते बोललो," गोदा म्हणाली. थोड्या वेळाने तिने आपला तळवा उघडून त्यावर बोट फिरवलं. "घट्टे पडलेत गे त्याच्या हातास. हातमागावर बसवतात म्हणे. इतके दिवस गेलो, एकदाही कळलं नाही."

"मलाही दिसलं नाही," विद्यालक्ष्मी म्हणाल्या.

"दिसायचं कसं, अक्का?" गोदाने चिडून नव्हे, साधंच विचारलं, आणि बाहेर बघू लागली.