दारावरचा एकटा क

मी फॉन्ट बोलतोय. म्हणजे एका माणसाने हाताने काढलेली अख्खी अक्षरमाला. अक्षरांचाच बनलोय, पण शाळा कधी पाहिली नाही. तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. शिवाय दमलोय.

मला काढलं एका बुकबाइंडरने. त्याच्याकडे शिवण सुटलेल्या, शेकडो वर्षं जुन्या हस्तलिखित पोथ्या दुरुस्तीला यायच्या. त्यांतली वेली लपेटलेली लाल-काळी अक्षरं बघून गडी खुळावला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोरूने मला काढायला बसायचा. प्रत्येक अक्षराला पानं, कळ्या, लांब शेपूट. बायको करवादायची, "अहो, ताट ठेवायला तरी जागा सोडा!"

पुढे मेहुण्याने मला कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि फुकट वाटलं. झालं! कुणीही उठावं आणि मला जुंपावं. भुताच्या सिनेमाच्या पोस्टरवर मी, दाढीच्या तेलाच्या बाटलीवर मी. एकाने तर 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी माझ्यात छापली. लोक पाटीचं कौतुक करत बटण दाबत राहिले. अरे, माझा जन्म मोठ्या मथळ्याच्या एक-दोन शब्दांसाठी! पण विचारतो कोण?

मग बाइंडरच्या लेकीने नोकरी सोडून कपडे दुरुस्तीचं दुकान काढलं. बोर्ड बापाने रंगवला. 'कपडे दुरुस्ती, रफू, चेन बदलून मिळेल', सगळं माझ्यात. वेलींचं नुसतं रान माजलं. माणसं थांबायची, मान वाकडी करायची, पुढे जायची. एक बाई आत आली ती हात पुढे करूनच.

"भविष्य इथंच बघतात ना?"

"नाही हो मावशी, इथं चेन बसवतात."

मशीनवर झाकलेलं कापड दिवसदिवस निघेना. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, बोर्ड बदलू या."

"मी मेल्यावर बदल."

"तोवर दुकान टिकायला हवं ना!"

म्हातारा फुगला. चहासुद्धा भिंतीकडे तोंड करून प्यायला.

एका दुपारी तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. फाटक्या बाहीचा कोट घेऊन एक माणूस आला, नेमका बोर्डाखाली उभा राहिला, वर बघितलं आणि शेजारच्या चावीवाल्याला विचारलं, "इथं जवळपास रफू कुठं करतात हो?"

म्हाताऱ्याने उठून शिडी आणली. शेवटच्या शब्दापासून माझ्यावर पांढरा रंग फिरवायला लागला. म्हटलं, सुटलो एकदाचा! पण पहिल्या 'क'पाशी ब्रश थांबला. तेवढा 'क' त्याने तसाच ठेवला. बाकी सगळी अक्षरं साधी, ठसठशीत काढली आणि 'क'ची शेपूट लाल दोऱ्यासारखी त्यांच्या खालून नेली. टोकाला सुई.

"बाबा, शेपटीला सुई?" लेक खालून हसली.

"मग काय, नुसतीच हलवायची?"

आता इथं मी एवढाच उरलोय. उन्हाने लाल रंग विटलाय. पण खाली मशीन खडखडतं, ते बरं वाटतं. तुम्हाला एकच सांगणं. लिफ्टच्या पाट्यांवरून मला उतरवा. एखाद्या दारावर एक अक्षर द्या, तेवढं अजून पेलेन.

म्हातारा संध्याकाळी दारात खुर्ची टाकतो. कुणी माझ्याकडे बघत रेंगाळलं की खेकसतो, "वाचता आलं ना? मग बघत काय उभे राहिलात? आत जा!"