माहेरच्या वहीतलं नाव

१९९१ साली वांकिडीजवळच्या एका गावात चंपतरावांची वर्षाची नात गोवरानं गेली. नर्स जयवंताबाईंच्या लसीकरणाच्या वहीत तिचं नावच नव्हतं. सुनेचं पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, म्हणून नाव तिकडच्या वहीत. तिथल्या नर्सनं शेरा मारला होता, ‘गावी नाही’.

“बाई, दर महिन्याले आमच्या दारावरून जात होत्या तुमी,” चंपतराव म्हणाले. “काऊन नाई इचारलं?”

“वहीतल्याच घरी थांबत होते, काका.”

दुसऱ्या दिवशी जयवंताबाईंनी दारोदार विचारलं, “माहेरावून लेकरू घेऊन कोन आलं?” अकरा नावं निघाली. अकरा माहेरांच्या नर्सना त्यांनी पोस्टकार्डं टाकली: कोणत्या लशी झाल्या, कळवा.

बारावं कार्ड चंपतरावांच्या नातीच्या आजोळच्या नर्सला गेलं. त्यात लिहिलं होतं, ‘ती मुलगी आमच्या गावी होती.’