बारोलोचा पहिला थेंब

इटलीतल्या वाइनचे सगळे प्रांत मला तोंडपाठ आहेत, आणि आता त्यांचा नुसता संताप येतो. माझा धाकटा भाऊ चंदन नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात वेटर होता. तिथे पाहुण्यांना वाइन देणाऱ्याची जागा निघाली, आणि साहेब लोक परीक्षा घेणार म्हणून तो रोज फोनवर माझ्यापुढे घोकायचा.

कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात मी अंगणात दारूसाठी मोहफुलं वाळत घालायची आणि विचारायची, "पिएमॉन्ते?"

"बारोलो. धुक्याच्या टेकड्या."

"तोस्काना?"

"किआन्ती."

"सिसिली?"

"ज्वालामुखीच्या मातीतले अंगूर, बाई."

"जिल्ह्यात दारूबंदी आन् कोलूचा पोरगा दारूच्या परीक्षेले!" असं म्हणत गावानं बाबांना किती चिडवलं! बाबांना त्याचंच कौतुक. व्हेनेतोत एक वाइन आधी द्राक्षं वाळवून करतात, हे ऐकून ते खो खो हसले. "म्हंजे आपल्यासारखेच हायेत की थे लोकं!"

मोहाचा हंगाम सरता सरता बाबा गेले. छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं आटोपलं. हॉटेलात लग्नसराई होती. गेलास तर परत येऊ नकोस, असं तिथल्या साहेबांनी चंदनला सुनावलं. मग आम्हीच म्हटलं, परीक्षा दे आणि ये.

आमच्या घरी पिण्याआधी गेलेल्यांचं नाव घेऊन थेंब मातीला देतात. नुकत्याच गेलेल्या माणसाला पहिला थेंब लेकानं द्यायचा, आणि तो एकदाच. म्हणून मायनं नव्या मोहाच्या दारूचं मडकं पळसाच्या पानानं झाकून ठेवलं होतं. कुणाला हात लावू दिला नाही.

परवा दुपारी चंदन आला. सोबत सगळं सामान.

"काऊन रे, पास नाई झाला?" मी विचारलं.

"सगळे प्रांत बराबर सांगतले, बाई. मंग बारोलोची बाटली खोलाले लावली. वास आला आन् मले बाबाच दिसले. हात आपोआप वाकला. बाबाचं नाव घेतलं, थेंब खाली सोडला. साहेब लोक पाहून राह्यले होते."

परीक्षा गेली, नोकरीही गेली. त्या साहेबांना जाऊन चार शिव्या हासडाव्यात असं वाटलं, पण माझ्याच्यानं रडण्यापलीकडे काही झालं नाही.

मायनं नोकरीचं विचारलंच नाही. ती मडक्यापाशी बसून होती.

"म्हंजे थेंब देऊन झाला," ती म्हणाली.

"हो, माय."

"मातीत जिरला ना? त्याले पोचला असन."

चंदननं मान खाली घातली.

"गालिच्यावर पडला, माय. त्यायनं माह्या हातात फडकं देल्लं. मीच पुसला."